फाटकाजवळचं घमेलं

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी ते नाव तिला चिकटून राहिलं होतं आणि तिनेही ते कधी झटकलं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं तिने मोठ्या दवाखान्यात काढली, त्यातली शेवटची संसर्गाच्या वॉर्डात, आणि तिथून ती एक ठाम मत घेऊन घरी आली. जगातली निम्मी माणसं घाणेरडी असतात आणि उरलेली आळशी. हे मत बदलावं असं पुढे काही घडलं नाही. गल्लीनेही त्यासाठी काही मेहनत घेतली नाही.

गल्ली म्हणजे तरी काय, एका टोकाला तळं, दुसऱ्या टोकाला बसथांबा आणि मध्ये एकमेकांच्या भानगडींत नाक खुपसून बसलेली बैठी घरं. कचऱ्याची पेटी रिकामी आणि कचरा तिच्याभोवती, इतकी तिथल्या लोकांची नेमबाजी चांगली. शिंपीण दाताने दोरा तोडायची, हाताने नाक पुसायची आणि त्याच हाताने पोराला भरवायची. सिस्टर हे सगळं आपल्या पायरीवर उभी राहून बघायची. नाक मुरडून मुरडून तिच्या चेहऱ्याची ठेवणच आता तशी झाली होती.

नवरा गेल्यावर तिने मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. मुलगा लांब कामाला होता, तो वर्षाकाठी पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. घरात सून होती. ती बसथांब्याच्या तिकीट खिडकीत बसायची आणि घरी आली की फोनमध्ये डोकं घालायची. सासूला काही विचारावं अशी गरज तिला कधी पडत नसे. कोंबड्यांना पडायची. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की साऱ्या तिच्या पायात घुटमळत, ती हाकलेल तिकडे जात, बोलावेल तेव्हा येत. जिच्या एका शब्दावर अख्खा वॉर्ड ताठ उभा राहायचा तिला आता हुकूम सोडायला एवढीच रयत उरली होती. ह्या रयतेवर तिचा जीव होता, पण तसं बोलून दाखवणाऱ्यातली ती नव्हती.

त्यांना तिने नावंही वॉर्डातलीच दिली होती. कोंबडा म्हणजे मोठे डॉक्टर, कारण तो सकाळी छाती काढून एक फेरी मारायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा आणि मग दिवसभर काही करायचा नाही. ठिपक्यांची म्हातारी कोंबडी म्हणजे मेट्रन. तिने अंडी देणं केव्हाच सोडलं होतं, पण ती पुढे झाल्याशिवाय बाकीच्या दाण्याला चोच लावत नसत. सिस्टर रोज दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसायची तेव्हा मेट्रन खुर्चीखाली येऊन बसायची. दोघींनाही बाकीच्यांची कीव येत असावी.

आणि मग नदीपलीकडच्या एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. तिथले सगळे पक्षी मारून खड्ड्यात पुरले, अशी बातमी आली. चार दिवसांनी आपल्या तळ्यावरही रानबदकं मरून पडलेली दिसली. गल्ली आधी तळ्यावर ती बघायला गेली, त्यांच्याजवळ उभं राहून फोटो काढून आली आणि मग घाबरली.

जनावरांच्या दवाखान्याचा डॉक्टर बसथांब्याच्या शेडमध्ये लोकांना समजावून सांगायला आला. सडपातळ माणूस, आवाज मऊ. त्याने सांगितलं ते सरळ होतं. पक्षी मोकळे सोडू नका. वर जाळी घाला, दाणापाणी झाकून ठेवा, म्हणजे रानपाखरांची विष्ठा त्यात पडणार नाही. खुराड्यासाठी वेगळ्या चपला ठेवा. दारात जंतुनाशकाचं पाणी ठेवून पाय बुडवल्याशिवाय कोणाला आत घेऊ नका. पक्षी मलूल दिसला, तुरा काळसर पडला, तर हात लावू नका, घरात आणू नका, औषधपाणी करत बसू नका. लगेच फोन करा. एका घरात निघालं तर आजूबाजूच्या घरांतलेही पक्षी मारावे लागतात, म्हणून लपवू नका.

एवढं बोलून त्याने हातमोजे कसे काढायचे ते करून दाखवलं, आणि तिथे तो सिस्टरच्या तावडीत सापडला. मोजा काढताना त्याचं बोट मोज्याच्या बाहेरच्या बाजूला लागलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "पुन्हा करा."

त्याने पुन्हा केलं. तिने त्याला आणखी एकदा करायला लावलं. लोक हसले, तोही कसानुसा हसला. सिस्टर हसली नाही. ती घरी येताना सुनेला म्हणाली, "ह्यांच्या हातात गल्ली सोपवायची. आणि म्हणे आजारी पडेल त्याला हात लावू नका. पळपुट्यांची रीत. आम्ही असे हात काढून घेतले असते तर वॉर्डात एक माणूस वाचला नसता."

"माणसांचं वेगळं असतं, आई," सून फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं," सिस्टर म्हणाली. तो विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवसापासून तिने कंबर कसली. खुराड्यावर बारीक जाळी ठोकली, जाळीवर पत्रा टाकला. दाण्याचा डबा झाकणाचा आणला. पाण्याची भांडी आत घेतली. खुराड्यासाठी रबरी बूट वेगळे काढले, दवाखान्यातला जुना पांढरा एप्रन ट्रंकेतून काढून इस्त्री केला आणि तो घालूनच ती आता खुराड्यात जाऊ लागली. दुकानातून खुराड्यात अंथरायला लाकडाचा भुसा आला तो तिने हुंगून परत पाठवला. त्यात उंदरांची घाण असते, दुकानदाराच्या दाताइतकाच तो स्वच्छ, असं तिचं म्हणणं. त्याऐवजी तळ्याच्या काठचं वाळलेलं गवत ती स्वतः विळ्याने कापून घेऊन आली, उन्हात पसरलं, निवडलं आणि खुराड्यात अंथरलं. स्वतःच्या हाताने केलेल्या कामावर तिने आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती.

आणि फाटकाच्या आत तिने एक घमेलं ठेवलं. त्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी, बाजूला कडक ब्रश. आधी ब्रशने तळव्याचा चिखल काढायचा, मग दोन्ही पाय पाण्यात बुडवून उभं राहायचं, ती बोट वर करीपर्यंत. अंडी न्यायला आलेली शिंपीण चिखलासकट पाय बुडवून आत यायला लागली तेव्हा सिस्टरने तिला फाटकाबाहेर काढून पाणी बदललं आणि पहिल्यापासून करायला लावलं. शिंपीण पुन्हा अंड्यांना आली नाही. सुनेला तर खुराड्याच्या बाजूला फिरकायचीही बंदी झाली, कारण ती दिवसभर जगाच्या हातांतल्या नोटा मोजायची. सुनेला तेच हवं होतं. तिने बंदी इतक्या आनंदाने पाळली की सिस्टरला आणखीच राग आला.

पण तिचा खरा राग होता तो समोरच्या बदकवाल्यावर. हा मनुष्य पूर्वी ट्रक चालवायचा. आता गुडघे गेले होते, बायको गेली होती आणि त्याने बदकं पाळली होती. बदकं सकाळी ओळीने तळ्यावर जात, दिवसभर त्या रानबदकांच्या पाण्यात डुंबत आणि संध्याकाळी सिस्टरच्या फाटकावरून शेपट्या हलवत परत येत. त्यांचा मालक पायरीवर बसून त्यांना नावं घेऊन हाका मारायचा. बनियन भोकाभोकांचं, नखांत ग्रीस. ट्रक सुटला तरी ग्रीस सुटलं नव्हतं.

"तुमची ती पलटण दिवसभर तळ्यात विष कालवते आणि माझ्या दारावरून मिरवत येते," सिस्टर रस्त्यातूनच म्हणाली. येणारेजाणारे थांबले. तिला ते हवंच होतं. "एका पक्ष्याला लागलं तर माझ्या सगळ्या जातील. तुमचीही जातील. तेव्हा बसा हाका मारत."

"बदकांना पाण्यावाचून कसं जमेल, सिस्टर?" तो हसत म्हणाला.

"हसा. तुमच्यासारख्यांच्या हसण्यापायी मी वॉर्डातून माणसं चादरीत गुंडाळून पाठवलीत."

त्याचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी बदकं तळ्यावर गेली नाहीत. त्याने ट्रकची जुनी ताडपत्री बांबूंवर ताणून घराच्या बाजूच्या परसात आडोसा केला, बदकं आत कोंडली, आणि त्यांच्यासाठी एक पत्र्याचा टब ठेवला. गुडघ्यांनी वाकता येत नव्हतं म्हणून त्याने हे सगळं जमिनीवर बसून, सरकत सरकत केलं. सिस्टरने पायरीवरून पाहिलं. ताडपत्री एका बाजूला लोंबत होती. त्याने ऐकलं ह्याबद्दल एक बरा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. लोंबणारी ताडपत्री मात्र तिने आल्यागेल्याला दाखवली.

मग एका सकाळी मेट्रन दाण्याला आली नाही.

ती कोपऱ्यात गवतात बसली होती, पंख सोडून, मान आत ओढून. सिस्टरने तिला उचललं. अंग तापलेलं होतं, श्वासाला घरघर होती. तुऱ्याचं टोक काळसर दिसत होतं, की खुराड्यातल्या अंधारामुळे तसं वाटत होतं? सिस्टरने ते अंधारावर ढकललं. शेडमध्ये डॉक्टर काय म्हणाला होता ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. पण वर्षानुवर्षं तिच्या हातांना एकच गोष्ट माहीत होती. आजारी पडला की त्याला बाकीच्यांतून बाजूला काढायचं, अंथरूण द्यायचं, पाणी पाजायचं आणि उशाशी बसायचं. फोन करून मोकळं व्हायचं, हे नातेवाइकांचं काम. असल्या नातेवाइकांकडे तिने आयुष्यभर तुच्छतेने पाहिलं होतं.

तिने मेट्रनला एप्रनमध्ये गुंडाळून घरात आणलं. मागच्या अडगळीच्या खोलीत खोक्यात जुनी उशी ठेवली, वर दिवा लावून ऊब केली. ड्रॉपरने थेंब थेंब साखरपाणी दिलं. हात कोपरापर्यंत धुतले, मग खुराड्यात जाऊन बाकीच्यांना दाणा घातला, परत येऊन मेट्रनच्या चोचीवरची घाण पुसली, पुन्हा हात धुतले. सर्दी आहे, ती स्वतःला म्हणाली. म्हातारं अंग आहे, बाधतं. वॉर्डात कोणी नर्स असं बोलली असती तर तिने त्या नर्सचा सगळ्यांसमोर पाणउतारा केला असता.

त्याच दुपारी तिला घरात बसवेना. मनातली भीती कुठेतरी काढायला हवी होती, आणि भीती काढायची तिची एकच जागा होती, ती म्हणजे दुसऱ्याची चूक. ती तशीच उठली, एप्रनवरच, आणि समोर बदकवाल्याच्या परसात गेली. एप्रन असला की लोक आपोआप बाजूला होतात, हे तिला माहीत होतं. त्यानेही घाईघाईने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिने ताडपत्री ओढून पाहिली, एक बदक उचलून पोटाखालून तपासलं आणि टबात मनगटापर्यंत हात घालून तळाचा गाळ वर काढून दाखवला.

"हे पाणी आहे की गटार?"

"रोज बदलतो, सिस्टर."

"टब घासता? नुसतं पाणी बदलून काय होतं? तुमच्या नखांसारखं आहे हे. वरून धुता आणि आत तसंच."

त्याने हात मागे घेतले. "घासतो," तो म्हणाला. सिस्टर घरी आली तेव्हा तिला थोडं बरं वाटत होतं.

मेट्रन दुसरा दिवसही तशीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सून झाडू घ्यायला अडगळीच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. खोक्यात मेट्रन मान टाकून पडली होती. तुरा आता उजेडातही काळाच दिसत होता.

"आई, हे काय आहे?"

"ओरडू नकोस. सर्दी आहे तिला."

"कधीपासून?"

सिस्टर ड्रॉपर भरायला वळली. सुनेने तिच्या हातातून तो काढून घेतला नाही की काही नाही. ती फक्त दोन पावलं मागे सरली, पदार्थाला वास आल्यावर माणूस सरतो तशी, आणि म्हणाली, "मला खुराड्याकडे फिरकू देत नव्हतात. नोटा मोजते म्हणून. आणि तुम्ही हिला माझ्या झाडूशेजारी आणून ठेवलीत."

सिस्टरने ड्रॉपर खाली ठेवला. ती खुराड्याकडे गेली. दार उघडलं, कोणी पायात आलं नाही. दोघी गवतात आडव्या पडलेल्या होत्या, ताठ. बाकीच्या भिंतीला टेकून मलूल बसल्या होत्या. मोठे डॉक्टर पंख सोडून उभे होते आणि पहाट होऊन गेली तरी आरवले नव्हते. तिने दार लावून कडी घातली. मग तिने फोन केला.

मऊ आवाजाचा डॉक्टरच फोनवर आला. त्याने तिला ओळखलं, पण मोज्यांचा विषय काढला नाही. त्याने काढला असता तर तिला सोपं गेलं असतं. लक्षणं कधीपासून, विचारलं. तिने सांगितलं.

"खाली अंथरायला काय वापरता?"

"गवत."

"कुठलं?"

तिने तळ्याकडे पाहिलं. काठचं गवत तिने कापलं होतं तिथे अजून बोडकं दिसत होतं, आणि त्यापलीकडे पाण्यावर रानबदकं बसलेली होती, जशी ती कापत होती तेव्हाही बसलेली होती. उंदरांची घाण तिला भुशात वासावरून कळली होती. हे तिला नाकासमोर दिसलं नव्हतं.

"तळ्याकाठचं," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "आम्ही निघतोच. तुम्ही दोघींनी घराबाहेर पडायचं नाही. कोणाला आत घ्यायचं नाही. ह्या दिवसांत तुम्ही दुसऱ्या कोणाच्या पक्ष्यांजवळ गेला होता का?"

तिने उत्तर दिलं, पण इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

फोन ठेवून ती पुढच्या पायरीवर येऊन उभी राहिली. अंगावर एप्रन होता, त्यावर साखरपाण्याचे डाग. इतक्यात समोरचं दार उघडलं आणि बदकवाला रस्ता ओलांडून तिच्या फाटकाशी आला. आज त्याने बाह्यांचा शर्ट घातला होता. फाटक उघडून तो आत शिरला, वाकता येत नसताना गजाला धरून ब्रश उचलला, तळवे घासले आणि घमेल्यात पाय बुडवून उभा राहिला, ती बोट कधी वर करते ह्याची वाट बघत.

"सिस्टर, टब घासला," तो म्हणाला. "वाळू घालून घासला. ताडपत्री पण ओढून बांधली. एकदा येऊन बघून जा, म्हणजे माझ्याही जिवाला बरं." मग त्याने दोन्ही हात पुढे करून दाखवले. नखं रॉकेल लावून घासलेली होती. कडेने कातडी सोलवटून लाल झाली होती.

"पुढे येऊ नका," सिस्टर म्हणाली.

तो ओशाळला. "अजून राहिलंय का काही? धुतलेत मी, बघा ना."

"तुमचे हात स्वच्छ आहेत." आयुष्यात तिने हे वाक्य किती थोड्यांना म्हटलं होतं. "माझ्या घरात आलंय. मेट्रनला झालंय, खुराड्यातल्या सगळ्यांना झालंय. दवाखान्याची गाडी निघाली आहे."

त्याच्या चेहऱ्यावर आधी तिच्याबद्दलचं वाईट वाटणंच उमटलं. तो चांगला माणूस होता, त्याला दुसरं काही सुचायला वेळ लागायचा. "अरेरे. कधी कळलं?"

ती आज सकाळी असं म्हणू शकली असती. सून पाठीमागे दारात उभी होती, तीही काही बोलली नसती.

"परवा," सिस्टर म्हणाली.

"परवा तर तुम्ही माझ्याकडे..." तो म्हणाला आणि थांबला. त्याची नजर तिच्या एप्रनवर गेली, मग तिच्या हातांवर. टबात गाळ काढायला ते हात मनगटापर्यंत गेले होते. मागच्या बाजूला त्याचं एक बदक ओरडलं, नेहमीसारखंच, आणि त्याने मान वळवून तिकडे पाहिलं.

ती वाट बघत होती, त्याने आता तोंड सोडावं ह्याची. तिने त्याला गल्लीसमोर जे जे ऐकवलं होतं ते सगळं उलट ऐकून घ्यायची तिची तयारी होती. पण तो घमेल्यातून मागे फाटकाशी उतरला. तिथे त्याने ब्रश पुन्हा घेतला, गजाला धरून एकेक तळवा नीट घासला आणि बाहेर पाऊल टाकण्याआधी दोन्ही पाय परत पाण्यात बुडवले. येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या घमेल्यात जाताना पाय बुडवायचं आजपर्यंत कोणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही. तो बराच वेळ तसा उभा राहिला. ह्या वेळी त्याने तिच्या बोटाकडे पाहिलं नाही. मग तो बाहेर पडला आणि त्याने फाटक बाहेरून ओढून घेतलं.